बेसूर कोण, मुलगा की गिटार?

गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तबला-पेटीच्या जोडीला गिटार, कीबोर्ड आणि आता बास गिटारही दिसू लागली आहे. मुलांच्या हौसेखातर पालक एखादी स्वस्तातली गिटार घेऊन देतात. सहा-आठ महिन्यांत तिच्यात काहीतरी बिघडते, ती पलंगाखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत कबाड्याकडे रवाना होते. (इंदुरात जन्म गेल्यामुळे 'भंगारवाला' हा शब्द आमच्या तोंडी चटकन येत नाही.) अशी गिटार टाकून देण्यापूर्वी घरच्या घरी काय पाहावे, काय करावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, हे विद्यार्थ्यांना व पालकांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. विज्ञानाच्या पुस्तकातील ध्वनी, चुंबकत्व आणि विद्युत हे तीन धडे या एका वाद्यात एकत्र भेटतात, हे आणखी एक कारण.

पण खरे कारण वेगळे आहे. आपल्या संगीत कक्षातील बास गिटार एका माजी विद्यार्थ्याच्या घरून जुनी म्हणून मिळालेली. नववीतील एक विद्यार्थी ती शिकू लागला. तालाला पक्का, मेहनती मुलगा. तरीही सरावात पेटीबरोबर वाजवायला बसला की सूर जुळत नसे, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळत. तीन-चार आठवड्यांनी तो संगीत शिक्षकांना म्हणाला, "सर, मला कानच नाही. मला कोरसमध्ये मागे उभे करा." शिक्षकांनी मुलाऐवजी गिटार तपासायला घेतली. मोकळ्या तारा मोबाइलमधील ट्यूनरवर अगदी बरोबर दाखवत होत्या. मात्र बाराव्या पडद्यावर बोट ठेवले की स्वर अर्धस्वराच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका चढा निघत होता. मुलाचे बोट योग्य जागी होते आणि स्वर मात्र दुसराच येत होता. शिवाय आपले काहीतरी चुकते आहे, हे त्याला स्वतःला ऐकू येत होते; ज्याला कान नसतो त्याला हे ऐकू येत नाही.

अशी किती मुले वाद्याच्या दोषापायी गाणे सोडून देत असतील, हा विचार आमच्या मनातून जाईना. म्हणून ही दुरुस्ती शाळेतच, विज्ञान प्रयोगशाळेच्या टेबलावर, विद्यार्थ्यांसमोर करायची असे ठरले. चार शनिवार लागले.

आधी वाद्याची ओळख. बास गिटार म्हणजे मोठी गिटार एवढाच अनेकांचा समज असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बास करीत असे. हे माणसापेक्षा उंच, उभे राहून वाजवायचे आणि प्रवासात नेताना जीव काढणारे वाद्य. त्यात ढोल आणि कर्ण्यांच्या गलक्यात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या गृहस्थांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. गळ्यात अडकवण्याजोगी, विजेच्या आवाजाची आणि पडदे असलेली अशी ही बास गिटार होती. डबल बासवर पडदे नसल्याने बोट केसभर सरकले तरी सूर जातो. नव्या वाद्यात पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागे, म्हणून नाव प्रिसिजन, म्हणजे अचूक. गंमत अशी की फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ते दुरुस्तीवाले होते, आणि वाद्याची रचनाही त्यांनी दुरुस्तीवाल्याच्या डोक्यानेच केली. मान खोडाला चिकटवण्याऐवजी स्क्रूने जोडली, म्हणजे बिघडली तर काढून दुसरी बसवता यावी. आजच्या स्वस्तातल्या बहुतेक बास गिटारी याच नमुन्याच्या असतात, आणि म्हणूनच त्या घरी उघडता येतात.

आपल्याकडे हे वाद्य हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातून रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ, चरणजीत सिंग असे बास गिटार वाजवणारे होते. घरात जुन्या गाण्यांच्या कॅसेट असतील तर त्यातील खालचा, पोटात जाणवणारा धागा ऐकून पाहावा. 'हे आपले वाद्य नव्हे' असे आमच्या विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांनी प्रेमाने सुनावले होते. पेटी आणि व्हायोलिनही एके काळी आपली नव्हतीच, एवढेच आम्ही त्यांना नम्रपणे म्हणालो.

बास गिटारला चार तारा. पेटीच्या भाषेत सांगायचे तर सर्वांत जाड तार सफेद तीन, पुढची सफेद सहा, मग सफेद दोन आणि सर्वांत बारीक तार सफेद पाच. इंग्रजी नावे ई, ए, डी, जी. प्रत्येक पुढची तार आधीच्या तारेच्या शुद्ध मध्यमावर लागते, हे गाणे शिकणाऱ्या मुलांनी ताडून पाहावे. या तारा सेकंदाला अनुक्रमे सुमारे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ वेळा कंप पावतात. आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत या संख्येला 'आवृत्ति' म्हणतात. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते आणि या संख्येला वारंवारता म्हणतात. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांचा येथे हमखास घोटाळा होतो.

चारही तारांची लांबी सारखीच, ३४ इंच म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. ताणही फारसा वेगळा नाही. मग एक तार खर्जात आणि दुसरी वर कशी? फरक वजनाचा. लांबी आणि ताण तोच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणायचा तर तारेचे वजन चौपट करावे लागते, म्हणून जाड तारेवर दुसऱ्या तारेचे वेढे दिलेले असतात. चारही तारांचा मिळून ताण सुमारे ८० किलोच्या घरात जातो. एका मोठ्या माणसाचे वजन रात्रंदिवस त्या लाकडी मानेला ओढत असते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आवाज कसा होतो? तारांखाली पट्टीसारखा जो भाग दिसतो तो पिकअप. त्यात चुंबक असतात आणि भोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युत प्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेले विद्युत चुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा प्रवाह आवाजाच्या आणि टोनच्या बटणांतून फिरून जॅकपर्यंत येतो, तेथून केबलने अॅम्प्लिफायरमध्ये जातो.

आता दुरुस्ती. पेचकस हातात घेण्याआधी अर्धा तास नुसते ऐकावे आणि पाहावे, असा आमचा आग्रह राहील. आपल्या मुलांना उघडण्याची घाई फार. घड्याळ असो की रेडिओ, आधी सगळे स्क्रू टेबलावर येतात आणि बिघाड काय होता हे मग आठवेनासे होते. आमच्या गिटारच्या तक्रारी एका विद्यार्थिनीने वहीत लिहून घेतल्या: आवाज मध्येच जातो, बटण फिरवल्यावर खरखर येते, एक तार नाही, पट्ट्याची खुंटी उखडली आहे, मान वाकलेली दिसते, वरच्या पडद्यांवर सूर जातो. यातील पहिल्या दोन तक्रारी विजेच्या, बाकीच्या लाकडा-लोखंडाच्या. एवढी विभागणी झाली तरी अर्धे काम झाले.

आवाज जात असेल तर पहिला संशय केबलवर घ्यावा. दुसरी केबल लावून पाहिली की दोन मिनिटांत निकाल लागतो. काही गिटारींच्या पाठीवर ९ व्होल्टच्या बॅटरीची छोटी पेटी असते. ती असल्यास बॅटरी बदलून पाहावी. अशा गिटारीत केबल खोचलेली राहिली तर न वाजवताही बॅटरी संपते, हे पुष्कळांना माहीत नसते. यानंतर जॅक. केबल रोज खोचून-काढून जॅकचा नट सैल होतो, मग आतला जॅक केबलबरोबर गरगर फिरतो आणि त्याची वायर पिळून तुटते. स्वस्त गिटारीत सर्वांत जास्त वेळा आढळणारा बिघाड हाच असावा. आमच्या गिटारचेही तेच झाले होते. जॅकची पट्टी उघडली तेव्हा आतली वायर एका धाग्यावर लोंबत होती. नट ढिला दिसला की लगेच आवळावा, पण आवळताना आतून जॅक बोटाने धरून ठेवावा, नाहीतर ज्या पिळाने वायर तुटते तोच पीळ आपण स्वतः देतो.

वायर जोडायला २५ वॉटचा सोल्डरिंगचा इस्त्रा आणि आत राळ असलेली सोल्डर तार पुरते. जॅकला दोन वायर येतात. एक आतली, म्हणजे टोकाच्या पत्र्याला लागणारी, आणि दुसरी अर्थची. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन्ही वायरची अदलाबदल झाली तर तारांना हात लावताच घरघर वाढते. त्यावरून चूक ओळखता येते. इस्त्रीने आधी पत्रा तापवावा, मग त्यावर सोल्डर टेकवावी. इस्त्रीवर सोल्डर वितळवून थेंब वायरवर टाकला तर तो वरवर चिकटतो आणि आठवड्यात सुटतो. नीट लागलेला टाका चकचकीत दिसतो. साध्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, धुरावर वाकू नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. आठवीच्या खालील मुलांनी फक्त पाहावे. त्यावरील मुलांनीही घरातील मोठ्यांच्या देखत करावे.

बटणाची खरखर बहुतेक वेळा आतल्या धुळीची असते. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवले तरी फरक पडतो. न पडल्यास इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी मिळणाऱ्या काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून पुन्हा फिरवावे. रॉकेल किंवा शिवण यंत्राचे तेल घालू नये, त्यावर धूळ बसून दुप्पट त्रास होतो. सगळे करूनही आवाज येतच नसेल तर मल्टिमीटरने पिकअपच्या दोन वायरी मोजाव्यात. काही किलो-ओम दाखवले तर पिकअप जिवंत आहे. काहीच वाचन आले नाही तर आतली केसाएवढी वायर तुटली, आणि तेथे घरचा इलाज संपला.

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. साध्या बास गिटारमध्ये घरगुती वीज नसते, त्यामुळे केबल काढलेली असताना तिच्यात हात घालण्यात धोका नाही. धोका आहे तो अॅम्प्लिफायरमध्ये. त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहू शकतात, म्हणून तो घरी उघडू नये. गिटारच्या तारा एका वायरने अर्थला जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते ती त्यामुळेच, आणि ते चांगले लक्षण आहे. पण अॅम्प्लिफायरचा किंवा माइकचा अर्थ तुटलेला असेल तर एका हातात तार आणि ओठाजवळ माइक, अशा अवस्थेत प्राणघातक धक्का बसू शकतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा भर कार्यक्रमात अर्थ नसलेल्या माइकला हात लागून मृत्यू झाला. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवात तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो दोन छिद्रांत कोंबण्याची जी पद्धत आहे, ती पाहून आमच्या अंगावर काटा येतो. पालकांनी घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

लाकडाचे काम तुलनेने सोपे. पट्ट्याची खुंटी उखडते तेव्हा स्क्रूचे छिद्र मोठे झालेले असते. जाडा स्क्रू ठोकण्याची चूक करू नये, लाकूड चिरते. दोन-तीन आगकाड्यांची गुलाची टोके मोडून, काड्यांना फेविकॉल लावून त्या छिद्रात बसवाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, बाहेर आलेला भाग कापून जुनाच स्क्रू पुन्हा पिळावा. गिटार पडून खुंट्यांजवळ डोक्याला चीर गेली असेल तर आधी सर्व तारा सैल कराव्यात. चीर हाताने दाबून पूर्ण मिटते का ते पाहावे. मिटत असेल तर आतपर्यंत लाकडाचा डिंक भरून, शिकंजाने आवळून पूर्ण एक दिवस ठेवावे. मिटत नसेल, किंवा तुकडा निघाला असेल, तर कारागीरच हवा. ८० किलोचा ताण अर्धवट चिकटलेल्या लाकडावर चढवणे म्हणजे तोंडावर तार बसण्याची तयारी.

आता मान. मानेच्या आत एक पोलादी सळई असते. तारा मान पुढे ओढतात आणि सळई तिला मागे धरते. पावसाळ्यात लाकूड ओल पिते, माळव्याच्या मे महिन्यात ते सुकते, आणि हा तोल बिघडतो. उन्हाळ्यात मानेच्या कडेला पडद्यांची टोके बोटाला टोचू लागतात, ती लाकूड आक्रसल्यामुळे. मान पाहण्याची रीत अशी: गिटार सुरात लावून सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि मान खोडाला मिळते तेथील पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबावी. आता ही तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यात साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. आमच्या गिटारीत तेथून दोन रुपयांचे नाणे आरपार जात होते.

सळईचा नट कधी डोक्याजवळ झाकणाखाली, कधी खोडाच्या बाजूला असतो. त्याला बरोबर मापाचीच एलन की लावावी. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सळई आवळते आणि मान सरळ होते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावून दुसऱ्या दिवशी पाहावे, कारण लाकूड सावकाश ऐकते. आम्हाला पाऊण फेरा तीन शनिवारांत लागला आणि मुलांचा संयम त्यात चांगलाच तपासला गेला. नट फिरत नसेल तर जोर लावू नये. सळई तुटली तर स्वस्त गिटार खरोखरच कबाड्याची होते.

मान सरळ झाली की कधी कधी नवी तक्रार येते: तार पडद्यांना घासून झणझणते. येथे आपल्या तंबोऱ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तंबोऱ्यात घोडीवर तार घासून होणारी झणझण आपण मुद्दाम निर्माण करतो, तिला जवारी म्हणतो आणि ती जमवणाऱ्या कारागिराला मान देतो. बासमध्ये तीच झणझण दोष ठरते. मिरजेच्या तंतुवाद्यांची कीर्ती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही कला फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून सुरू झाली. मूळचे ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानात येणाऱ्या गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता ते नवी वाद्ये घडवू लागले, अशी हकीकत सांगतात. फुलर्टनचा रेडिओवाला आणि मिरजेचा शिकलगार, दोघांचाही प्रवास दुरुस्तीपासूनच सुरू झाला, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

झणझण एकाच पडद्यावर असेल तर तो पडदा उठलेला असतो. जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड तीन पडद्यांवर ठेवून हलवावी; मधला उंच असेल तर कार्ड झुलते. पडद्याचे टोक सुटले असेल तर वर लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या हातोडीने बसवावे. पडदे कानशीने घासण्याच्या भानगडीत मात्र घरी पडू नये. सर्वत्रच झणझण असेल तर घोडीवर प्रत्येक तारेखाली जी छोटी धातूची बैठक असते, दुकानदार तिला सॅडल म्हणतात, तिचे बारीक स्क्रू फिरवून तार थोडी वर घ्यावी. बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोन मिलिमीटरच्या आसपास असली की नवशिक्याच्या बोटांना झेपते.

शेवटचे आणि आमच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम सुराचे. हे नेहमी शेवटी आणि नव्या तारांवरच करावे. जुनी, गंजलेली तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही आणि तिच्यावर केलेले मोजमाप फसवते. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ४३२ मिलिमीटरवर असतो. तेथे सप्तक पूर्ण होते. पाचवा पडदा तारेच्या जवळजवळ पाव भागावर आणि सातवा तिसऱ्या भागावर येतो, हे मुलांनी फूटपट्टीने मोजावे. अपूर्णांकांचा याहून चांगला धडा नाही. पण तार दाबताना ती किंचित ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो. त्याची भरपाई म्हणून घोडीवरील सॅडल हिशेबापेक्षा थोडी मागे ठेवावी लागते, आणि जाड तारेची सर्वांत मागे. म्हणून नीट लावलेल्या बासच्या चार सॅडल जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या दिसतात. आमच्या गिटारच्या चारही सॅडल शिस्तीत एका रांगेत उभ्या होत्या, बहुधा दुकानातून आल्या तशाच. शिस्त येथे बेसूर होती. त्यात मान वाकल्याने तार उंच, दाबायला ताण जास्त, म्हणून स्वर आणखी चढा. जितके वर वाजवावे तितकी चूक वाढणार.

तपासण्याची रीत: बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून वाजवावे, घंटेसारखा स्वर येतो. मग त्याच पडद्यावर तार दाबून वाजवावे. दोन्ही स्वर ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावून मगच पुन्हा पाहावे. आमच्या जाड तारेची सॅडल मागे नेता नेता संगीत शिक्षकांनी ट्यूनर बंद केला आणि त्या नववीच्या विद्यार्थ्याला डोळे मिटून ऐकायला सांगितले. "अजून चढा... अजून थोडा... आता बरोबर," असे तो म्हणाला. ट्यूनर लावून पाहिला तर काटा मधोमध होता. हा मुलगा कोरसमध्ये गेला नाही. पुढच्या स्नेहसंमेलनात त्याने दोन गाण्यांना साथ केली.

विश्वस्तांच्या माहितीसाठी खर्चही लिहितो. नव्या तारांचा संच सर्वांत महाग, हजार रुपयांच्या घरात. जॅक, सोल्डर आणि फवारा यांचा खर्च त्याच्या निम्म्याहूनही कमी. जॅक महाराणी रोडवरच्या दुकानात मिळाला. हत्यारे प्रयोगशाळेतीलच. नव्या गिटारचा विषय मंडळापुढे होता, तो आम्ही वर्षभर पुढे ढकलण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. अर्थात प्लायवूडच्या स्वस्त गिटारला दुरुस्तीने महागड्या वाद्याचा गोडवा येत नाही, आणि तिच्या खुंट्या आजही महिन्यातून दोनदा सैल होतात. पण ती आता खरे बोलते.

ज्यांच्या घरी अशी गिटार पडून आहे त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, मधल्या सुट्टीनंतर, ती प्रयोगशाळेत आणावी. केबल आणि असल्यास एलन की सोबत असावी. अॅम्प्लिफायर आणू नये. आणण्याआधी तारा उतरवू नयेत, कारण निम्मे दोष तारा ताणलेल्या असतानाच दिसतात. तक्रारी कागदावर लिहून आणाव्यात, आणि त्या आईवडिलांनी नव्हे, वाजवणाऱ्या मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहाव्यात.